अप्पांसाठी कीबोर्ड, स्क्रीन, स्कॅनर, प्रिंटर… काय घेऊ आणि काय नको?

घाटमाथा

नमस्कार मंडळी. आधी पार्श्वभूमी सांगतो म्हणजे नंतर "बजेट काय, वापर काय" असे प्रश्न येणार नाहीत.

माझे वडील, अप्पा, वय ७१. कोर्टाच्या आवाराबाहेर टेबल टाकून ३१ वर्षं मराठी टायपिंग केलं, प्रतिज्ञापत्रं, खरेदीखतं, भाडेकरार, सगळं रेमिंग्टनच्या मशीनवर. आता घरी बसून कंटाळलेत आणि डोक्यात घेतलंय की आजोबांच्या वह्या आहेत त्या टाईप करून त्याचं पुस्तक करायचं. वह्या म्हणजे शेताचा हिशोब, गावातली भांडणं, लग्नाची देणीघेणी असं सगळं मिसळलेलं, एकूण ९ जाड वह्या, त्यातल्या दोनांत मोडी पण आहे.

घरी माझा जुना लॅपटॉप पडलाय, २०१५ चा, एसएसडी टाकल्यावर बरा चालतो. पण त्याच्यावर अप्पांनी दोन ओळी मारल्या आणि बाजूला ठेवला, म्हणाले हे काय पापडावर टाईप केल्यासारखं वाटतंय. त्यात एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं बाकी आहे.

तर लॅपटॉप तोच ठेवून बाहेरून कीबोर्ड, माऊस, मॉनिटर, स्कॅनर, प्रिंटर असं सगळं घ्यायचा विचार आहे. ३५ हजारांपर्यंत जाईन. मागे कार्ट्रिजवाला एक इंकजेट घेतला होता तो सहा महिन्यांत सुकून बसला, कंपनीचं नाव घेत नाही पण दुरुस्तीवाल्याने जेवढे सांगितले तेवढ्यात नवीन आला असता. तेव्हा प्रिंटरच्या बाबतीत जरा जपून सांगा.

---

वडापाव_वायफाय

मेकॅनिकल कीबोर्ड घ्या डोळे झाकून. टाइपरायटरवाल्या माणसाला मेम्ब्रेन चालणारच नाही, खाली रबर असतं ते दाबल्यावर नुसतं बसतं, बोटाला कळतच नाही अक्षर कधी उमटलं. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक कीला स्वतंत्र स्विच आणि स्प्रिंग. निळा स्विच मागा, टिक्क वाजतो. लाल सरळ खाली जातो, गेमवाले घेतात. तपकिरी मधला, जाणवतो पण वाजत नाही.

---

खिळेजुळणी

मी पुण्यात २२ वर्षं डीटीपी करतोय म्हणून जरा लांब लिहितो, राग मानू नका. स्विच निळा की लाल हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की अप्पा टाईप कोणत्या लेआउटने, म्हणजे कुठल्या कीवर कुठलं अक्षर धरून, करणार? कारण तो कीबोर्डच्या प्लास्टिकमध्ये नसतो, सॉफ्टवेअरमध्ये असतो, आणि तिथे चुकलं तर दहा हजाराचा कीबोर्ड आणला तरी अप्पा परत बाजूलाच ठेवतील.

रेमिंग्टनच्या मशीनवर आपण दिसतं तसं मारतो. म्हणजे 'कि' लिहायचं तर आधी ऱ्हस्व वेलांटी, मग क, कारण कागदावर वेलांटी डावीकडे आहे. 'सूर्य' लिहायचा तर य मारून झाल्यावर वर रफार. 'ख' आणि 'भ' तर अख्खे नसायचेच, अर्धा ख मारायचा आणि काना द्यायचा. ३१ वर्षांत ही सवय बोटात गेलेली असते, ती डोक्यात नसते, त्यामुळे डोक्याला समजावून काही होत नाही.

विंडोजमध्ये मराठी टाकलं की मिळतो तो इनस्क्रिप्ट. तो उच्चारतो तसा चालतो. आधी क मग वेलांटी. सूर्यमध्ये आधी र, मग हलन्त, मग य. व्यंजनं उजव्या हाताला, स्वर आणि काने-मात्रे डाव्या हाताला, के वर क आणि शिफ्ट के वर ख. अतिशय शास्त्रशुद्ध आहे, नवीन माणसाला मी तोच शिकवतो. पण अप्पांना देऊ नका. त्यांच्यासाठी रेमिंग्टन पद्धतीचं युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरवर सारखंच उघडणारं मराठी) इनपुट टूल वेगळं टाका, ते मागून क्रम बदलून घेतं, अप्पांनी वेलांटी आधी मारली तरी आत बरोबर साठतं.

दोन गोष्टी अजून. कीबोर्डवर देवनागरी छापलेलं मिळतं किंवा स्टिकर मिळतात ते बहुतेक इनस्क्रिप्टचे असतात. ते घेऊ नका, अप्पांचं बोट एक म्हणेल आणि स्टिकर दुसरंच म्हणेल. कोरा इंग्रजी कीबोर्ड बरा. आणि जुन्या फॉन्टच्या भानगडीत पडू नका, श्रीलिपी, कृतिदेव वगैरे. मी स्वतः आयुष्यभर त्याच्यावर जेवलोय तरी सांगतो. त्यातलं मराठी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. पुस्तक करायचंय ना, युनिकोडच.

कीबोर्ड कोणता, तर टीव्हीएस गोल्ड. कुठल्याही डीटीपीवाल्याकडे किंवा बँकेच्या काउंटरवर जाऊन बघा. दिसायला विटेसारखा आहे, लाइट बिट काही नाही, पण मेकॅनिकल आहे आणि वजनदार आहे, जोरात मारलं तरी टेबलावर सरकत नाही. माझा ११ वर्षं चाललाय, मधे एकदा त्यात चहा सांडला होता तरी.

---

वडापाव_वायफाय

@खिळेजुळणी हे वेलांटीचं माहीतच नव्हतं, मी फोनेटिकवाला. विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक आतच येतो, रोमन मारा मराठी उमटतं, पण अप्पांना त्याचा काही उपयोग नाही हे आता कळलं.

---

एडिसनकर

हाय ऑल, न्यू जर्सीहून. माझ्या आईला मी मागच्या वर्षी २७ इंची ४के (फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचा) मॉनिटर पाठवला, डोळ्यांना खूप फरक पडला. देवनागरी ४के वर छापील पुस्तकासारखी दिसते. घेताय तर एकदाच चांगलं घ्या.

---

करवीर_कॉम्प्युटर

दुकानदार आहे, त्यामुळे महाग विकायचाच माझा फायदा, तरी सांगतो 😀

एडिसनकर दादा बरोबर बोलतायत, ४के वर मराठी सुरेख दिसतं. पण लॅपटॉप २०१५ चा आहे. तेव्हाच्या बहुतेक लॅपटॉपना एचडीएमआय १.४ असायचं. त्याच्यावर ४के लावलं तर सेकंदाला ३० च फ्रेम मिळतात, माऊस हलवला की बाण मागनं फरफटत येतो. तीन महिन्यांपूर्वी एक गिऱ्हाईक याच कारणाने मॉनिटर परत घेऊन आलं होतं, मॉनिटर ठणठणीत होता.

दुसरं, लोक इंच बघतात आणि रिझोल्यूशन बघत नाहीत. २४ इंचात फुल एचडी म्हणजे इंचाला साधारण ९२ ठिपके. तेच फुल एचडी २७ इंचावर ताणलं की ८२. इंग्रजीला चालून जातं हो, पण आपल्याकडे अनुस्वार, रफार, उकार हे सगळं अक्षराच्या डोक्यावर नाहीतर पायाशी, त्याला ठिपके कमी पडले की 'कं' आणि 'कॅ' मध्ये गल्लत होते. त्यामुळे २७ फुल एचडी अजिबात नको, स्वस्त मिळाला तरी. २४ इंच फुल एचडी आयपीएस (बाजूने बघितलं तरी नीट दिसणारं पॅनेल) घ्या, आमच्याकडे ८-१० हजारांत येतो. किंवा २७ घ्यायचाच तर १४४० पी वाला, तिथे १०९ ठिपके पडतात, पण आधी लॅपटॉपमधून तेवढं निघतंय का ते तपासा.

स्क्रीन मॅट घ्या, चकचकीत नको. आणि दुकानात चालू असलेल्या व्हिडिओवर बघू नका, तो मोराचा व्हिडिओ कुठल्याही स्क्रीनवर चांगलाच दिसतो. पेनड्राइव्हवर स्वतःच्या मराठी मजकुराचं एक पान न्या, ते उघडायला लावा आणि अप्पांना वाचायला सांगा. दुकानदाराने नाही म्हटलं तर दुसऱ्या दुकानात जा.

---

घाटमाथा

वा, एवढं अपेक्षित नव्हतं. लॅपटॉपला एकच एचडीएमआय आहे आणि दोन यूएसबी. २४ पक्का करतो. एक शंका, अप्पांना वर लांबचा खाली जवळचा असा चष्मा आहे. टीव्ही बघताना ठीक असतात पण लॅपटॉपसमोर मान वर करून बघतात, कोंबडी पाणी पिताना करते तशी.

---

चष्मेवाली

ते कोंबडीचं अगदी बरोबर वर्णन 😂 मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचं बघायची काच खाली असते. मॉनिटर डोळ्याच्या उंचीला ठेवला की त्या खालच्या काचेतून बघायला माणूस हनुवटी वर करतो आणि संध्याकाळी मान धरते. सगळीकडे सांगतात ना की स्क्रीनची वरची कड डोळ्याच्या रेषेत ठेवा, ते बायफोकलवाल्यांना लागू नाही. त्यांचा मॉनिटर बऱ्यापैकी खाली आणि किंचित मागे कललेला हवा. म्हणून मॉनिटर घेताना उंची कमीजास्त होणारा स्टँड आहे का बघा, स्वस्तातल्या बऱ्याच मॉडेलना नुसतं मागेपुढे कलतं, वरखाली होत नाही.

सगळ्यात सोपं म्हणजे फक्त कॉम्प्युटरच्या अंतराचा एक वेगळा चष्मा करून घ्या. अप्पा बसतात तिथून स्क्रीनपर्यंत टेपने अंतर मोजून चष्म्याच्या दुकानात न्या. पण दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचंय ना? मग आत्ता महागाचा करू नका, नंतर नंबर बदलेल.

आणि खिडकी स्क्रीनच्या मागे किंवा अप्पांच्या पाठीमागे नको, बाजूला हवी.

---

मोडीवेडा

सगळे कीबोर्ड-मॉनिटरवर बोलतायत, माझा जीव त्या ९ वह्यांत अडकलाय. घाटमाथा, वह्या शिवलेल्या आहेत का? कागद हातात घेतल्यावर कडा मोडतात का?

---

घाटमाथा

शिवलेल्या. मध्ये दोरा आहे. दोन वह्यांच्या कडा तुटतात, बाकी बऱ्या आहेत.

---

मोडीवेडा

मग स्कॅनर घेण्याआधी हे वाचा.

बाजारात ५-७ हजारांत जे पातळ स्कॅनर मिळतात, यूएसबीवरच चालणारे, ते सीआयएस प्रकारचे. कागद काचेला चिकटून असेल तर उत्तम काम करतात. पण काचेपासून जरा वर उचललं की धूसर. शिवलेली वही उघडून पालथी घातली की मधला भाग, जिथे दोरा आहे तिथे, कागद काचेपासून सुटतो आणि नेमक्या तिथल्या ओळींची टोकं पुसट येतात. मग माणूस काय करतो, वरून दाबतो. दाबलं की शिवण तुटते. मी स्वतःच्या पणजोबांच्या वहीचं हे करून बसलोय, ते पान आता सुटं आहे.

सीसीडी प्रकारचे स्कॅनर असतात, जाड, जड, आत आरसे आणि लेन्स, त्यांना काचेपासून थोडं वरचंही स्पष्ट दिसतं. चांगले, पण महाग. कागद आपोआप ओढणारा फीडरवाला तर तुमच्या वह्यांसाठी स्वप्नातही नको.

आणि खोक्यावर ९६०० डीपीआय (इंचाला ठिपके) वगैरे लिहिलेलं असतं त्याला भुलू नका, ऑप्टिकल आकडा विचारा, बाकीचं सॉफ्टवेअरने फुगवलेलं असतं. वाचायला आणि ओसीआरला (फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर करायला) ३०० पुरतं. ६०० केलं की ठिपके चौपट आणि फाईल पण त्याच हिशोबाने सुजते, ते जुन्या फोटोंसाठी ठेवा.

आता गणित बघा. तुमच्याकडे १२ मेगापिक्सेलचा फोन असेलच. फोटो ४००० बाय ३००० ठिपक्यांचा. ए४ च्या लांब बाजूला पावणेबारा इंच. ४००० भागिले पावणेबारा म्हणजे इंचाला साधारण ३४० ठिपके. म्हणजे एक पान फ्रेममध्ये पूर्ण भरलं तर फोनच ३०० डीपीआयच्या वर जातो. दोन पानं एकदम घेतली तर मात्र २४० वर येतो, म्हणून एकेक पान घ्या. फोन वर आडवा धरणारा स्टँड, दोन्ही बाजूंनी तिरपे दोन एलईडी दिवे, फ्लॅश बंद, वही व्ही आकारात अर्धवट उघडी, खाली दोन उशा. सगळं मिळून दीड हजारात बसतं. स्कॅनरचे पैसे वाचवा.

मोडीच्या दोन वह्यांचं टाइपिंग अप्पांकडून देवनागरीतच करून घ्या. युनिकोडमध्ये मोडी २०१४ पासून आहे पण फोटोवरून हातची मोडी आपोआप वाचून देणारं काही तुमच्या कामाला येईल असं समजू नका, माणूसच लागतो. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग चालतात, तिथे वाचणारी माणसं भेटतात.

---

वडापाव_वायफाय

मग टाइपिंग तरी कशाला, गूगल डॉक्सला बोलून द्या की. मराठी व्हॉइस टायपिंग चांगलं झालंय.

---

खिळेजुळणी

करून बघितलंय. साध्या मराठीला छान. 'कुळकायदा', 'पायली', 'इर्जिक' म्हणा मग बघा काय उमटतं. आणि मी जुन्या सवयीने 'पूर्णविराम' म्हणालो तर त्याने 'पूर्णविराम' असा शब्दच लिहिला. ब्लूटूथ हेडसेट लावणार असाल तर अजून एक गंमत, माइक चालू झाला की त्यातल्या बऱ्याच जणांचा आवाज एकदम जुन्या टेलिफोनसारखा होतो. वायरचा साधा हेडसेट बरा.

शिवाय अप्पांना टाईप करायचंय हो. बोलायचं असतं तर धाग्याची गरजच नव्हती.

---

एडिसनकर

प्रिंटरचं राहिलं. इंक टँक घ्या, बाटलीभर शाईत हजारो पानं निघतात.

---

करवीर_कॉम्प्युटर

निघतात, पण रोज काढली तर. घाटमाथांचा आधीचा का सुकला? महिना महिना पडून होता म्हणून. शाई हेडच्या बारीक छिद्रांत वाळते, मग हेड क्लीनिंग लावा, त्यात अजून शाई जाते. टँक असो नाहीतर कार्ट्रिज, शाई ती शाईच, आठवड्याला एक रंगीत पान काढलंच पाहिजे. लेझरला टोनर म्हणजे कोरडी पावडर, वर्षभर झाकून ठेवला तरी पहिलं पान काळंभोर येतं. ज्याचं काम तुटक आणि काळंपांढरं त्याने लेझर. फक्त तो घरच्या छोट्या यूपीएसवर लावू नका, आतला हीटर तापताना एकदम करंट ओढतो आणि यूपीएस कोकलतो.

हां, आणि डब्यावरची पानांची संख्या साधारण ५ टक्के भागच शाईने भरलेल्या पानावर धरलेली असते, म्हणजे एखादं छोटं पत्र. भरगच्च पानाला एवढी निघत नाहीत.

पण खरं सांगू? महिन्याला किती पानं काढणार?

---

घाटमाथा

सुरुवातीला काहीच नाही. नंतर तपासायला एकदा दोनशे.

---

करवीर_कॉम्प्युटर

मग प्रिंटर घेऊ नका. पेनड्राइव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जा. मी दुकानदार असून सांगतोय.

---

स्पर्शलिपी

उशिरा आलो धाग्यावर. मला दिसत नाही, एनव्हीडीए स्क्रीनरीडरने, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने, हा धागा ऐकतोय. सगळे आउटपुट म्हणजे स्क्रीन आणि कागद एवढंच धरून बोलताय म्हणून लिहावंसं वाटलं.

अप्पांनी टाईप केलेलं त्यांना ऐकवा. एनव्हीडीए फुकट आहे, मराठी आवाजही मिळतो, जरा यंत्रासारखा आहे पण आठवड्यात कान सरावतो. वाचताना डोळा चूक माफ करतो, कान करत नाही. 'पाणी' च्या जागी 'पानी' पडलं की मला लगेच टोचतं. ऑपरेशननंतर डोळ्याला आराम द्यायचा असेल तेव्हा तर हेच कामाला येईल.

त्यासाठी दोन बरे स्पीकर घ्या, लॅपटॉपचे बारीक असतात. आणि कीबोर्ड घेताना नंबरपॅड आणि वेगळी इन्सर्ट की असलेला पूर्ण आकाराचाच घ्या, स्क्रीनरीडरची निम्मी कामं तिथून होतात. हल्ली छोटे सुबक कीबोर्ड निघालेत त्यात हे सगळं कापून टाकलेलं असतं. एफ आणि जे वरचा उंचवटा बोटाला नीट लागतो का ते पण बघा, काहींवर नावाला असतो.

---

खिळेजुळणी

@स्पर्शलिपी प्रूफ ऐकून तपासायचं हे मी उद्यापासून सुरू करतो. २२ वर्षांत सुचलं नाही.

---

घाटमाथा

अपडेट, तीन आठवड्यांनी. उशीर झाला, मधे सुगी होती.

अप्पांना घेऊन दुकानात गेलो. पोरगा लाइटवाला कीबोर्ड दाखवत होता, सप्तरंगी, अप्पा म्हणाले हा गणपतीत लाव. मग टीव्हीएस गोल्ड काढला. अप्पांनी खुर्ची ओढली, मनगट वर उचललं आणि काहीही न बघता एक ओळ मारली. स्क्रीनवर अर्थातच इंग्रजी गिचमिड, लेआउट टाकलेला नव्हता. अप्पा स्क्रीनकडे बघतच नव्हते. म्हणाले, "मी खाली सही करणार, लिहून देतो की… बरोबर पडलंय बघ." बोटांना माहीत होतं. ओळ संपल्यावर डावा हात वर गेला, कॅरेज सरकवायला, आणि हवेतच थांबला. दुकानातला पोरगा माझ्याकडे बघायला लागला.

घेतलं ते असं: टीव्हीएस गोल्ड, २४ इंच आयपीएस उंची कमीजास्त होणारा, वायरचा मोठा माऊस, दोन स्पीकर. स्कॅनर नाही, प्रिंटर नाही. १६ हजारांच्या आत सगळं. मॉनिटर अगदी खाली घेतलाय, कोंबडी बंद झाली. वह्यांचे फोटो मोडीवेडांच्या पद्धतीने चालू आहेत, फोनचा स्टँड अप्पांच्या जुन्या टायपिंगच्या टेबलालाच ठोकला. उशा आईच्या.

रेमिंग्टनचं टूल टाकल्यावर पहिल्याच दिवशी पाऊण पान झालं. दोन अडचणी आहेत. एक, अप्पा की दाबून धरतात त्यामुळे 'ममममममी' असं होतं. दोन, आवाज. आई म्हणते कोर्ट घरात आणलंत. कीच्या टोप्यांखाली रबराच्या रिंगा टाकता येतात म्हणे, टाकू का?

---

वडापाव_वायफाय

ममममी साठी कंट्रोल पॅनेलमधल्या कीबोर्डमध्ये रिपीट डिले आहे, तो सगळ्यात लांब करा. तरी नाही जमलं तर फिल्टर कीज, ही विंडोजमधलीच सोय दाबून राहिलेली की परत परत मोजत नाही.

---

खिळेजुळणी

रिंगांनी तळाला आपटल्याचा ठक्क कमी होतो, टिक्क कमी होत नाही, तो स्विचच्या आतून येतो. पैसे घालवू नका. कीबोर्डखाली जाड रबरी मॅट टाका, निम्मा आवाज टेबलाचाच असतो. ते टेबल आतून पोकळ असणार.

---

घाटमाथा

पोकळच आहे, खाली स्टॅम्पपेपर ठेवायचा खण आहे. आईने त्यात जुनी गोधडी कोंबली. आता बाहेरच्या खोलीत येत नाही आवाज. अप्पा म्हणतात जरा कमीच येतोय, थोडी काढ.